काळी-पिवळी गेली, तेव्हा आमच्या फियाटचं काय गेलं

नमस्कार श्रोतेहो.

डिसेंबरातली पहाट आहे. काचांवर दव साचलंय, सीटचं रेक्झिन गारठलंय. चोक पूर्ण ओढायचा आणि स्टार्टर द्यायचा. पहिल्या खेपेला नुसती कुरकुर. दुसऱ्या खेपेला एक ठसका. तिसऱ्या खेपेला इंजिन धरतं, जरा वेळ अडखळत चालतं, आणि मग चोक बोट-बोटभर आत सारत न्यायचा. तो सगळा आत गेला की आवाज शिलाई मशीनसारखा एका लयीत येतो. हा आवाज मी पन्नास वर्षं ऐकते आहे. गाडी १९७३ सालची, माझ्या वडिलांची. ते वाईला डॉक्टर होते. मेणवली, पसरणी, पार भुईंजपर्यंत ते या गाडीतून पेशंट बघायला जायचे. मागच्या सीटवर औषधांची पेटी असायची, आणि शाळेला सुट्टी असली की पेटीशेजारी मी.

या गाडीवर नाव आहे ‘प्रेसिडेंट’. आज हे नाव सांगितलं की लोक विचारतात, ही कुठली गाडी? आणि गाडी पाहिली की म्हणतात, अहो, ही तर फियाट! दोन्ही बरोबर आहे. १९६४ साली मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट अकराशे डी बाहेर पडू लागली, तिला ‘डिलाइट’ म्हणत. १९७२ मध्ये गाडीवरचं फियाट हे नाव गेलं आणि तीच गाडी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली. ते नाव जेमतेम दोन वर्षं टिकलं. १९७४ पासून चितोडच्या राणीचं नाव मिळालं, ‘पद्मिनी’. घडण तीच राहिली, पाट्या बदलत गेल्या. लोकांनी मात्र कुठलीच पाटी मनावर घेतली नाही, शेवटपर्यंत तिला फियाटच म्हटलं. तिच्या आधीच्या, पुढून नाकाड बाहेर आलेल्या गाडीला तर आपण सरळ ‘डुक्कर फियाट’ म्हणत होतो. पुढची दारं उलटी उघडणारी ती गाडी ज्यांच्या घरी होती, ते आजही हे नाव फार मायेनं घेतात.

कारखाना प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा. तो काढला सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी, १९४४ साली, देश अजून पारतंत्र्यात असताना. जहाजं, विमानं आणि मोटारी या तिन्ही गोष्टी इथे बनल्या पाहिजेत, असा ध्यास घेतलेला हा माणूस. सुरुवातीला अमेरिकी डॉज आणि प्लिमथ गाड्यांची इथे जुळणी व्हायची. पुढे पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाटशी करार होऊन अकराशे आली. इटालियन भाषेत तिला ‘मिलेचेंतो’ म्हणतात, म्हणजे अकराशेच.

आता अकराशे म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. वृत्तचितीचं घनफळ हा धडा आला की मी फळ्यावर एक इंजिन काढायची. सिलेंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनचा वरून खालपर्यंतचा प्रवास ७५ मिलिमीटर. त्रिज्या ३.४ सेंटिमीटर, तिचा वर्ग ११.५६, गुणिले पाय, गुणिले साडेसात. एका सिलेंडरचे २७२ घनसेंटिमीटर आणि थोडे वर. असे चार. मुलं गुणाकार करायची आणि उत्तर यायचं १०८९. मग मी त्यांना खिडकीपाशी नेऊन आवारातली गाडी दाखवायची. पुस्तकातलं सूत्र खाली झाडाखाली उभं आहे, हे कळल्यावर त्यांचे चेहरे जे व्हायचे, ते मी विसरलेले नाही.

श्रोतेहो, जुनी गाडी बाळगणाऱ्यांना लोक एकच प्रश्न विचारतात, पार्ट कुठून आणता? या प्रश्नाचं खरं उत्तर मला फार उशिरा कळलं. ते उत्तर होतं मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी, कारण ती टॅक्सी म्हणजे हीच पद्मिनी.

आमच्यासारख्यांची गाडी आठवड्यातून दोनदा बाहेर निघते. टॅक्सी दोन-दोन पाळ्यांत, दिवसरात्र पळायची. तिच्या क्लच प्लेटा झिजायच्या, ब्रेक शू झिजायचे, मागचे पाटे बसायचे, किंग पिन ढिल्या व्हायच्या. अशा हजारो गाड्या एकाच शहरात. मग त्यांच्यासाठी कुर्ल्याच्या गाळ्यांत कोणी बुश, म्हणजे सांध्यांत बसणाऱ्या छोट्या नळ्या, कातायचं, कोणी रबर किट बनवायचं, कोणी जुने कार्बोरेटर उकळून, साफ करून, नवीन जेट घालून विकायचं. तो माल पुण्याला नाना पेठेतल्या दुकानांत यायचा आणि तिथून आमच्या हातात. कारखान्यात ही गाडी बनायची बंद झाल्यावरही आम्हाला वर्षानुवर्षं काही कमी पडलं नाही. आम्हाला वाटायचं, आपण ही गाडी जपतो आहोत. प्रत्यक्षात ती जपत होते ते मुंबईचे टॅक्सीवाले, रोज चालवून.

२९ ऑक्टोबर २००३ या दिवशी ताडदेवच्या आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत. त्यामुळे ऑक्टोबर २०२३ संपता संपता ती रस्त्यावरून कायमची उतरली. त्या दिवशी वर्तमानपत्रांत फोटो आले, आठवणी आल्या. एक तरी पद्मिनी संग्रहालयात ठेवा, अशी टॅक्सीचालकांच्या संघटनेची मागणी होती. ती मागणी रास्तच आहे, आणि मी त्यांच्या बाजूनं आहे. पण मला त्या सकाळी फोटोपेक्षा दुसरीच गोष्ट दिसत होती. ते कुर्ल्याचे गाळे आता कोणासाठी बुश कातणार?

झालंही तसंच. नाना पेठेत ज्या दुकानात मी वीस वर्षं जात होते, तिथल्या मालकांनी मला मागच्या वर्षी सांगितलं, “बाई, आहे तेवढा माल संपवतो. नवीन भरत नाही.” त्यांचा काही दोष नाही. वर्षाला चार गिऱ्हाइकं येणार असतील तर त्यांनी तो भरायचा कशाला?

पार्टचं एक वेळ निभेल. कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुना नमुना हातात दिला तर कातून, ओतून देणारी माणसं आजही आहेत. अडचण त्यापलीकडची आहे, ती हातांची. आमचे मिस्त्री आज ऐंशीच्या पुढे आहेत. वडिलांच्या वेळेपासून ही गाडी त्यांच्याच हाताखाली. त्यांच्याकडे एकही कागद नाही. सगळं डोक्यात आणि बोटांत. फॅन बेल्ट किती ताणायचा? अंगठ्यानं दाबून बघतात. टॅपेटमधली फट बरोबर आहे का? फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालतात, पण त्याआधी डोळे मिटून ऐकतात. मी एकदा घाईनं पाना उचलला तेव्हा म्हणाले, “ताई, आधी ऐका. पाना कुठं पळून जात नाही.”

तीन वर्षांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक आला. मी हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले. त्यांना त्या अवस्थेतही काळजी, की गाडीच्या मास्टर सिलेंडरचं वायसर अर्धवट राहिलंय. घरी आल्यावर मी एक दोनशे पानी वही काढली आणि पहिल्या पानावर तारीख घातली. ते बरे होऊन आल्यापासून दर शनिवारी मी त्यांच्याकडे जाते. ते बोलतात, मी लिहिते. मला आज तुमच्याशी बोलायचं आहे ते मुख्यतः या वहीबद्दल.

वहीत काय आहे? एक उदाहरण देते. उन्हाळ्यात घाट चढताना जुन्या गाड्या मध्येच बंद पडत, हे तुमच्यातल्या अनेकांनी पाहिलं असेल. खंबाटकीत बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग मला लहानपणीची आठवते. कोणीतरी ओला फडका घेऊन पळत यायचं आणि कुठेतरी आत ठेवायचं. कुठे? तर पेट्रोल पंपावर. फियाटचा पंप इंजिनलाच बोल्टनं बसवलेला असतो. इंजिन तापलं की पंप तापतो, नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंप पेट्रोलऐवजी बुडबुडेच ढकलत बसतो. फडक्यानं पंप गार होतो, वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं, गाडी चालू. हे झालं सगळ्यांना माहीत असलेलं. मिस्त्रींनी त्यापुढचं सांगितलं. फडका पंपावर ठेवायचा, पण तापलेल्या सिलेंडर हेडवर पाण्याचा थेंबही पडू द्यायचा नाही, हेड चिरायचं भय असतं. म्हणून फडका पिळून घ्यायचा. ‘पिळून’ हा एक शब्द. तो कुठल्याही कागदावर नव्हता. आता माझ्या वहीत आहे.

दुसरी नोंद पत्र्याची. जुनी गाडी विकत घेताना लोक रंग बघतात. मिस्त्री खिशातून लोहचुंबक काढतात. पत्र्यावरून फिरवतात, विशेषतः दारांच्या खालच्या कडा आणि चाकांच्या कमानी. जिथे चुंबक धरत नाही तिथे पत्रा गेलेला आहे आणि आत लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, भरलेली आहे. मुंबईच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाड्यांना हे हमखास. लांबी भरून वर चकचकीत रंग मारलेल्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्या, आणि माझं मत स्पष्ट आहे. रंग फिका असला, डाग पडलेले असले तरी चालेल, मूळ पत्रा ज्या गाडीत शाबूत आहे ती गाडी घ्यावी.

या वहीत नवीन पानंही आहेत, जी मिस्त्रींनाही नवीन आहेत. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येतं. त्यातलं काही आपल्याच भागातल्या उसापासून बनतं आणि शेतकऱ्याला त्याचा आधार आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. पण १९७३ सालच्या पंपात पेट्रोल ढकलणाऱ्या पडद्याचं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि गाडी महिनाभर उभी राहिली तर टाकी आतून गंजायला लागते. गेल्या पावसाळ्यात माझी पेट्रोलची नळी बोटानं दाबली तर चुरमुऱ्याच्या लाडवासारखी सुटली. नशीब की दारातच लक्षात आलं. गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकलं असतं तर काय झालं असतं, ते मी बोलून दाखवत नाही. तुमच्याकडे जुनी गाडी असेल, तर इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या नळ्या घालून घ्या आणि गाडी फार दिवस उभी ठेवू नका.

उभी ठेवू नका, यावरून सरकारी नियमाचं सांगते. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात फार बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात येते. नवीन नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांसाठी. आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर कायम ठेवता येतो, ही त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. पण अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर.

माझी गाडी पन्नास वर्षांची झाली तेव्हा ओळखीच्यांनी आग्रह केला, करून टाका व्हिंटेज. मी महिनाभर विचार केला. आणि नाही केलं. दर पाच वर्षांनी आरटीओत पासिंग करून घेते, पर्यावरण कर भरते, आणि मंगळवारी मंडईत भाजीला हीच गाडी नेते. ज्यांनी व्हिंटेज नोंदणी केली त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, फार दुर्मीळ गाड्यांसाठी तो नियम मोलाचा आहे. पण आमच्या घरची गाडी पेशंटकडे जाण्यासाठी घेतलेली होती. कोल्हापूरला दसऱ्याच्या सोहळ्यात राजघराण्याची जुनी मेबॅक मोटार निघते, तेव्हा दुतर्फा उभे असलेले लोक तिला नमस्कार करतात. ती गाडी काचेच्या पेटीत असती तर तिला कोणी हात जोडले असते, असं मला वाटत नाही.

श्रोतेहो, तुमच्यापैकी कोणाच्या घरी फियाट असेल, ॲम्बेसेडर असेल, आजोबांची जावा किंवा लॅम्ब्रेटा असेल. ती दुरुस्त करणारे कोणी मिस्त्री तुमच्या गावात अजून असतील. त्यांच्याकडे जाताना वही न्या. पार्टचं नाव ते जे म्हणतात तेच लिहा, कॅटलॉगमधलं नको. माप लिहा. त्याच्या जागी दुसऱ्या कुठल्या गाडीचं चालतं, ते लिहा. आणि ही गोष्ट त्यांना कोणी शिकवली, तेही विचारा. आमच्या मिस्त्रींनी सांगितलं, त्यांना कार्बोरेटर शिकवला तो कुर्ल्याला कारखान्यात काम केलेल्या एका फिटरनं. म्हणजे मेणवलीच्या रस्त्यावर माझ्या वडिलांची गाडी जी धावली, त्यामागे थेट कारखान्यातलाच हात होता.

जाता जाता परवाच्या शनिवारची नोंद वाचून दाखवते. “पेट्रोल पंपाचा पडदा बदलला. नवीन पडदा मिस्त्रींनी स्वतः कापला, भोकं पाडायला पोकळ पंच वापरला. भोकं सहा. आधी दोन समोरासमोरचे स्क्रू हलके धरायचे, मग बाकीचे, आणि घट्ट करताना पंपाचा दांडा दाबून धरायचा, म्हणजे पडदा ताणला जात नाही. या वेळी दांडा मी धरला आणि स्क्रू मिस्त्रींच्या नातीनं आवळले. जुना पडदा फेकलेला नाही. वहीच्या मागच्या पाकिटात आहे, मापासाठी.”

नमस्कार.