लुसियाच्या सकाळचे केशरी बन मऊ कसे ठेवावेत

नमस्कार. दर वर्षी 13 डिसेंबरला स्वीडनमध्ये लुसियाची सकाळ साजरी होते आणि त्या सकाळी घरोघरी, शाळांमध्ये, कचेऱ्यांमध्ये, अगदी इस्पितळांच्या वॉर्डांमध्येसुद्धा कॉफीबरोबर एक पिवळाधमक गोड बन खाल्ला जातो. दोन्ही टोकांना उलट दिशांनी वळलेली वेटोळी आणि प्रत्येक वेटोळ्याच्या मध्यभागी एक मनुका, असे त्याचे रूप असते. या बनांना तिथे लुसेकात्तर म्हणतात. आज आपण ते करणार आहोत, पण करता करता मला एका प्रश्नाबद्दल सविस्तर बोलायचे आहे. हे बन एवढ्या वेळा कोरडे का होतात? ते मऊ ठेवण्याचा जो उपाय स्वीडनमधल्या घरांत वापरला जातो, त्याचे सगळे साहित्य श्रीखंड करणाऱ्या आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून हजर आहे, आणि म्हणूनच हा पदार्थ आपल्याकडे फार चांगला होऊ शकतो असे मला मनापासून वाटते.

लुसिया ही सिसिली बेटावरच्या सिराक्यूज शहरातली ख्रिस्ती संत, इ.स. 304 मध्ये ती हुतात्मा झाली असे मानले जाते. जुन्या ज्युलियन पंचांगाच्या काळात तिच्या सणाची रात्र ही वर्षातली सर्वांत मोठी रात्र असते, अशी उत्तरेकडच्या लोकांची समजूत होती. स्वीडनने 1753 मध्ये ग्रेगोरियन पंचांग स्वीकारले, तरी सणाची तारीख तीच राहिली. पांढरा झगा, कमरेला लाल पट्टा आणि डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट अशा वेशात एक मुलगी पुढे चालते आणि तिच्यामागे मुलामुलींची रांग गाणी म्हणत येते. 1927 मध्ये स्टॉकहोममधल्या एका वर्तमानपत्राने लुसिया निवडण्याची स्पर्धा घेतली आणि घरातल्या या प्रथेला शहरी मिरवणुकीचे रूप मिळाले. डिसेंबरच्या मध्याला स्टॉकहोममध्ये सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी तीनच्या आत मावळतो, त्यामुळे ही न्याहारी बहुधा अंधारातच होते. अशा वेळी ताटलीत केशराचा रंग का हवासा वाटत असेल, हे वेगळे सांगायला नको.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. स्वीडनमध्ये असे सर्रास म्हटले जाते की केशरामुळे बन कोरडा होतो. मला हे पटत नाही. अर्ध्या किलो मैद्यात जेमतेम अर्धा ग्रॅम केशर पडते. एवढ्याशा तंतूंनी कणकेतले पाणी शोषून घेतले, असे म्हणणे म्हणजे केशरावर भलताच आळ घेणे आहे. खरी कारणे तीन आहेत. कणीक हाताला चिकटते म्हणून मळताना वरून मैदा घातला जातो, बन ओव्हनमध्ये दोन-तीन मिनिटे जास्त राहतो आणि लवकर फुगावे म्हणून यीस्ट भरमसाट घातले जाते. त्यांपैकी पहिले कारण सर्वांत मोठे आहे, कारण मळताना घातलेला मूठभर मैदा नंतर कशानेही काढून टाकता येत नाही.

म्हणूनच तिथल्या बऱ्याच पाककृतींमध्ये क्वार्ग नावाचे, दह्याच्या कुळातले ताजे, मऊ चीज कणकेत घालतात. त्यातील दुधाची प्रथिने पाणी धरून ठेवतात, थोडी आंबट चव साखरेचा गोडवा सावरते आणि बन दुसऱ्या दिवशीही खाण्याजोगा राहतो. आपल्याकडे या क्वार्गची जागा घेणारा पदार्थ म्हणजे चक्का. फक्त एक फरक लक्षात ठेवावा लागतो. श्रीखंडासाठी आपण दही रात्रभर टांगतो आणि चक्का घट्ट करतो, पण या कणकेसाठी तो तेवढा घट्ट नको. पाव किलोहून थोडे जास्त, ताजे आणि अजिबात आंबट न झालेले दही मलमलच्या फडक्यात दोन ते तीन तास टांगा. चमचा आडवा केल्यावर चक्का सावकाश घसरून पडला पाहिजे. चमच्याला गोळा होऊन चिकटून बसला, तर त्यात निथळलेले पाणी चमचाभर परत मिसळा. ते पाणी टाकून तर देऊच नका, कणीक मळताना दूध कमी पडले तर तेच वापरता येते.

साहित्य असे आहे. मैदा 500 ग्रॅम, दूध 250 मिलीलीटर, चक्का 125 ग्रॅम, लोणी 80 ग्रॅम, साखर 90 ग्रॅम, मीठ अर्धा चमचा, इन्स्टंट यीस्ट 5 ग्रॅम आणि केशर अर्धा ग्रॅम. शिवाय वरून लावायला मूठभर मनुका आणि थोडे दूध किंवा फेटलेले अंडे. कणकेत अंडे पडत नाही, त्यामुळे ज्यांच्या घरी अंडे चालत नाही त्यांनी वरूनही साय मिसळलेले दूध लावावे. चकाकी किंचित कमी येईल, चवीत मात्र काहीही उणे राहणार नाही. मोजमाप वाटीने करू नका, वजनकाट्याने करा. वाटीत मैदा दाबून भरला की सैल भरला यावर बराच फरक पडतो आणि आपला सगळा खटाटोप तर कणीक सैल ठेवण्यासाठीच चालला आहे.

केशराबद्दल मला जरा जास्त बोलायचे आहे. या पदार्थाचा सर्वांत मोठा खर्च तोच आहे आणि नुसते तंतू कणकेत टाकले तर त्यातला निम्मा वायाच जातो. स्वीडनमध्ये केशर अर्ध्या ग्रॅमच्या छोट्या पाकिटांत मिळते आणि अनेक दुकानांत ते फळीवर न ठेवता पैसे घेणाऱ्या माणसाजवळ ठेवलेले असते, इतके ते मोलाचे. एक किलो केशरासाठी दीड लाखांच्या आसपास फुले वेचावी लागतात, आणि प्रत्येक फुलातून तीनच तंतू निघतात. आपल्याकडे काश्मीरमधल्या पांपोरचे केशर प्रसिद्ध आहे. काश्मिरी केशराला 2020 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. खरे केशर ओळखण्यासाठी दोन तंतू कोमट पाण्यात टाकून थोडे थांबा. रंग हळूहळू उतरत गेला आणि तंतू स्वतः लालच राहिले, तर केशर चांगले आहे. पाण्यात पडताक्षणी रंगाचा लोट सुटला आणि तंतू पांढरे पडले, तर ते रंगवलेले आहे असे समजा.

केशराचा रंग क्रोसिन नावाच्या द्रव्यामुळे येतो आणि ते पाण्यात विरघळते. सुगंध मुख्यतः सॅफ्रनालचा; ते उडून जाणारे आहे आणि स्निग्ध पदार्थांत किंवा मद्यात अधिक चांगले उतरते. म्हणून तिथे काही जण केशर चमचाभर व्होडकात किंवा कोन्यॅकमध्ये भिजवून ठेवतात. मद्य वापरायचे नसेल तर आपली जुनी पद्धतच वापरा. पळी गरम करून गॅस बंद करा, तंतू तिच्यात क्षणभर शेकून कुरकुरीत होऊ द्या, लगेच खलात काढा आणि एक चमचा साखर घालून बारीक पूड होईपर्यंत खला. साखरेचे कण केशराला दळतात. आता हा खल कॅमेऱ्याजवळ आणते, नीट पाहा. सुरुवातीला साखर पांढरी आणि तंतू लाल असे वेगवेगळे दिसतात, मग साखर फिकट गुलाबी होते, आणि पूड नारिंगी होऊन खलाच्या कडेला चिकटू लागली की काम झाले. दूध आणि लोणी एकत्र करून लोणी वितळेपर्यंतच तापवा, ही पूड त्यात घाला आणि थोड्या दुधाने खल धुऊन तेही ओता. दुधात पाणीही आहे आणि लोण्यात स्निग्धांशही, त्यामुळे रंग आणि सुगंध दोन्ही उतरतात. अर्ध्या तासाने दूध कोमट झालेले असेल आणि त्याचा रंग पार पालटलेला असेल.

इथे केशराच्या जोडीला वेलदोडा घालण्याचा मोह आपल्याला हमखास होतो. वेलदोड्याचे स्वीडनमध्ये वावडे नाही; तिथल्या दालचिनीच्या रोलमध्ये आणि उपवासकाळाआधी खाल्ल्या जाणाऱ्या सेमला नावाच्या क्रीमच्या बनमध्ये तो असतोच. पण लुसियाच्या बनात केशराला एकट्याला राहू द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वेलदोडा आला की नाक आधी तोच ओळखते आणि केशर नुसता रंग म्हणून उरते.

परातीत मैदा, उरलेली साखर, मीठ आणि यीस्ट एकत्र करा. चक्का घाला, मग केशराचे कोमट दूध घाला, पण दोन-तीन चमचे मागे ठेवून. आपल्याकडचा मैदा कंपनीगणिक कमी-जास्त पाणी ओढतो, म्हणून मागे ठेवलेले दूध कणकेचा अंदाज घेऊनच घालायचे. आता दहा ते बारा मिनिटे मळा. पहिली चार-पाच मिनिटे कणीक बोटांना चिकटेल, परातीलाही चिकटेल आणि आणखी मैदा हवा असे तुम्हाला नक्की वाटेल. तिथे हात आवरा. चिकट हात खरवडून घ्या, कणीक पाच मिनिटे झाकून ठेवा आणि पुन्हा मळा. मैद्यातील ग्लुटेनला पाणी मुरायला वेळ मिळाला की तीच कणीक परात सोडू लागते. थोडी कणीक दोन्ही हातांच्या बोटांत धरून हळूहळू ताणल्यावर ती न फाटता पातळ पडद्यासारखी पसरली, तर मळणे पुरे झाले. झाकून ठेवा. मुंबईत ती तासाभरात दुप्पट होईल, पुण्या-नाशिकच्या थंडीत थोडा जास्त वेळ घेईल.

फुगलेल्या कणकेचे साठ-साठ ग्रॅमचे सतरा-अठरा गोळे होतात. गोळे दहा मिनिटे झाकून ठेवले की त्यांची ओढ कमी होते आणि वळताना ते मागे आखडत नाहीत. प्रत्येक गोळ्याची सुमारे 25 सेंटीमीटर लांब दोरी वळा. एक टोक चकलीसारखे आत गुंडाळत मध्यापर्यंत न्या, दुसरे टोक विरुद्ध दिशेने तसेच गुंडाळा. पाटाला मैदा लावायचा नाही. कोरड्या मैद्यावर दोरी नुसती घसरते आणि वळली जात नाही. ट्रेवर बटर पेपर पसरून बन बेताच्या अंतरावर ठेवा.

आता सणाच्या सकाळची सोय. हे बन रात्री घडवून फ्रिजमध्ये ठेवावेत आणि सकाळी भाजावेत. स्वीडनमधल्या अनेक पाककृतींमध्ये यीस्टचे प्रमाण बरेच जास्त असते, कारण त्या एकाच दिवसात सगळे उरकण्यासाठी लिहिलेल्या असतात. आपण ते कमी घेतले, कारण फ्रिजमध्ये चार अंशांच्या आसपास यीस्ट अतिशय मंद गतीने काम करते आणि आठ ते दहा तासांत कणकेला चव येते. ट्रे प्लॅस्टिकने पूर्ण झाकायला विसरू नका. उघड्या कणकेवर पापडी धरते आणि मग बन ओव्हनमध्ये नीट फुगू शकत नाही, कडेने फाटतो. सकाळी उठल्यावर ट्रे बाहेर काढा आणि तासभर थांबा. बनाला बोटाने हलकेच दाबल्यावर खळगा सावकाश भरून आला तर तो तयार आहे. झटकन भरला तर आणखी थोडा वेळ द्या.

मनुका कोमट पाण्यात पंधरा मिनिटे भिजवून, पुसून घ्या. भिजवल्या नाहीत तर त्या ओव्हनमध्ये करपतात आणि कडू लागतात. वेटोळ्याच्या मध्यात मनुका तळापर्यंत खोल दाबा, कारण वरवर ठेवलेली मनुका बन फुगताना बाहेर फेकली जाते. ब्रशने दूध किंवा अंडे लावा. मोठ्या ओव्हनमध्ये 225 अंशांवर आठ ते दहा मिनिटे पुरतात. घरगुती ओटीजीमध्ये वरची सळई बनाच्या फार जवळ असते, म्हणून तापमान 200 अंश ठेवा, दोन्ही सळया चालू ठेवा, ट्रे मधल्या खाचेत सरकवा आणि दहाव्या मिनिटापासून लक्ष ठेवा. कडा बदामी, मधला भाग अजून पिवळा आणि तळ फिकट तपकिरी, एवढे झाले की बाहेर काढा. सगळीकडून तपकिरी होण्याची वाट पाहिली तर बन कोरडा झालाच म्हणून समजा. जाळीवर काढल्याबरोबर स्वच्छ सुती कापडाने झाका, म्हणजे आतली वाफ वरच्या सालीला मऊ ठेवते.

कॉफीबरोबर हे बन गरम असतानाच द्यावेत. तिथे त्यांच्या जोडीला आल्या-दालचिनीची पातळ बिस्किटे असतात, आणि मोठ्यांसाठी मसाले घालून गरम केलेली वाइन, जिच्यात बदाम आणि मनुका टाकलेल्या असतात. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर तर केशर, तांदळाची खीर आणि बदाम एकत्र करून ओव्हनमध्ये जाड वडीसारखा पदार्थ भाजतात आणि फेटलेल्या क्रीमबरोबर खातात. तो आपण एखाद्या स्वतंत्र व्हिडिओत करू, कारण उरलेल्या खिरीचा असा उपयोग आपल्याकडच्या घरांना नक्की आवडेल.

जे बन त्याच दिवशी संपणार नाहीत, ते थंड झाल्याबरोबर पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये टाका. फ्रिजच्या साध्या कप्प्यात ठेवू नका, तिथे ते उलट लवकर शिळे होतात. खायच्या वेळी बाहेर काढून 150 अंशांवर सहा-सात मिनिटे गरम करा. आणि एखादा डबा विसरून बन कडक झालेच, तर ते आडवे कापून दुधात क्षणभर बुडवा, तव्यावर लोणी सोडून मंद आचेवर दोन्ही बाजू सोनेरी परता आणि वरून चमचाभर साधे, न गोड केलेले दही घाला.