त्रिपुराचे तुकडे
(नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

२०२२ चा गुढीपाडवा आठवतो? २ एप्रिल. गुढी उतरवून झाली होती, गाठी पोरांनी केव्हाच फस्त केली होती. पावणेआठच्या सुमारास एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला, "सर, वर पाहून राहिले का?" गच्चीवर गेलो. पेटत्या ठिणग्यांची एक रांग आभाळातून सरकत होती, उल्केपेक्षा कितीतरी सावकाश. युक्रेनचं युद्ध नुकतंच पेटलेलं, त्यामुळे गल्लीत 'मिसाइल, मिसाइल' सुरू झालं. रात्री कळलं, चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूची रिंग पडली. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते ना, तशीच. फक्त माणूस आरपार जाईल एवढी मोठी. जाणकारांच्या मते तो चिनी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचा भाग होता.

म्हणजे शस्त्र नव्हतंच, भंगार होतं. पण अंतराळातली शस्त्रं म्हटलं की मला आधी ही रिंगच आठवते.

आपल्याकडे या विषयावरची कथा फार जुनी आहे. तारकासुराच्या तीन मुलांसाठी मयासुरानं तीन पुरं बांधली, आकाशात फिरणारी. ती हजार वर्षांतून एकदाच एका रेषेत यायची आणि तेव्हाच, एकाच बाणानं पाडता यायची. शंकर वाट पाहत थांबले. रामटेकला त्रिपुरी पौर्णिमेला जाणाऱ्या किती जणांच्या लक्षात येतं माहीत नाही, पण या गोष्टीतला अवघड भाग बाण नाहीच, वेळ साधणं आहे. उपग्रहावर नेम धरणाऱ्याचीही गोष्ट तीच. (ज्या पिनाक धनुष्याचं नाव आपण रॉकेटला दिलं, त्या रॉकेटचं काम आपल्या अंबाझरीला चालतं, हे जाता जाता.)

सिनेमावाल्यांना वाट पाहणं परवडत नाही. त्यांची यानं विमानासारखी कलंडत वळतात, वळायला हवा नसली तरी. स्फोट धडाडतात, आवाज वाहून न्यायला काही नसलं तरी. तेही चालेल. खरी गंमत पाठलागात आहे. जून १९६५ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी ४ यानातून अंतराळवीर जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या सुट्या झालेल्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला. त्याच्याकडे तोंड करून इंजिन मारलं, तर अंतर वाढतच गेलं! कक्षेत पुढच्याला गाठायचं तर आधी ब्रेक मारावा लागतो. वेग घटला की यान खालच्या कक्षेत उतरतं, तिथे फेरी लवकर पूर्ण होते आणि तुम्ही पुढे निघता. वर्धा रोडवर हे करून पाहू नका.

तोफही गेली होती वर. सोव्हिएत संघाचं सॅल्यूट ३ हे स्थानक, १९७४. नाव नागरी, काम लष्करी. तोफ स्थानकाला घट्ट बसवलेली, त्यामुळे नेम धरायचा तर सगळं स्थानकच फिरवायचं. गोळी सुटली की स्थानक मागे ढकललं जाणार, म्हणून त्याच वेळी इंजिनंही चालवायची. जानेवारी १९७५ मध्ये, आत कुणी नसताना, स्थानक पाडण्याच्या आधी ती झाडून पाहिली. मला यात शौर्यापेक्षा शहाणपण जास्त दिसतं: माणसं आधी घरी पाठवली.

आता मुद्द्याचं. जमिनीवर पाडलेलं पडतं. कक्षेत पाडलेलं फिरत राहतं, सेकंदाला पावणेआठ किलोमीटरनं. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, तो दीड मिनिटात संपेल. समोरासमोर नाही, आडवी धडक धरली तरी दहाएक किलोमीटरचा वेग सहज होतो. तेवढ्या वेगातली ॲल्युमिनियमची एक सेंटिमीटरची गोळी म्हणजे ताशी चाळीसनं येणारी एक टनाची मोटार. वजन दीड ग्रॅमही नाही.

११ जानेवारी २००७ रोजी चीननं आपलाच हवामान उपग्रह फेंगयुन-१सी क्षेपणास्त्रानं फोडला, सुमारे ८६५ किलोमीटर उंचीवर. नोंद झालेले तुकडेच ३,००० वर. २७ मार्च २०१९ रोजी आपण 'मिशन शक्ती'त आपला उपग्रह पाडला, तो साधारण २८० किलोमीटरवर. त्या उंचीवर विरळ का होईना हवा असते, ती तुकड्यांना हळूहळू खाली ओढते. काही तुकडे वरही उडाले, पण बहुतेक लवकर जळून गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये रशियानं स्वतःचा कॉसमॉस १४०८ हा उपग्रह फोडला, तेव्हा अंतराळ स्थानकातल्या लोकांना आपापल्या यानांत जाऊन बसावं लागलं. त्यांत रशियनही होते. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय अंतराळ करारानं कक्षेत अण्वस्त्रं ठेवायला मनाई केली, पण स्वतःचा उपग्रह फोडून आभाळात खिळे पेरण्याबद्दल त्यात स्पष्ट बंदी नाही.

मघाशी त्रिपुराची गोष्ट अर्धीच सांगितली. पुराणकार बाण लागल्यावर थांबत नाहीत. जळतं पुर खाली कुठे पडलं, तेही ते सांगतात: एक तुकडा अमरकंटकला. नर्मदा परिक्रमा केलेल्यांनी तिथलं ज्वालेश्वर पाहिलं असेल. फेंगयुनचे बरेचसे तुकडे अजून वरच आहेत. चला, चहा बाहेर ठेवलाय, प्रश्न तिथेच घेऊ.