एका नदीचे दोन काठ

नमस्कार श्रोतेहो. आज हवेविषयी बोलायचंय. धुरानं डोळे चुरचुरतात, खोकला येतो, हे मी सांगायला नको. पण हा धूर आयुष्याची किती वर्षं खातो, ते मोजायचं कसं? त्यासाठी एका नदीची गोष्ट सांगतो.

चीनमध्ये ह्वाय नावाची नदी आहे. ह्वांग हो आणि यांगत्से या दोन बड्या नद्यांच्या मधली. शाळेत आपण त्या दोघी घोकल्या, ही बिचारी राहून गेली. भूगोल पाठ करायला लावतात, नकाशासमोर मात्र बसवत नाहीत, ही माझी जुनी तक्रार. असो. चिनी लोक फार पूर्वीपासून म्हणत आलेत, की ह्वायच्या दक्षिणेला लावलं तर संत्रं गोड, उत्तरेला लावलं तर तेच कडू.

1950 नंतर तिथल्या सरकारनं हिवाळ्यात घरं गरम ठेवायची योजना आणली. पण ती सगळ्या देशाला परवडेना. मग हीच नदी रेषा ठरली. उत्तरेच्या शहरांत नोव्हेंबर ते मार्च बॉयलर धडधडायचे, त्यांचा कोळसा फुकट. दक्षिणेला काहीच नाही, माणसं घरातही जाड कोट घालून बसायची. उत्तरवाल्यांचं नशीब बघा! फुकट ते पौष्टिक.

त्यातून त्या काळात सरकारदरबारी जिथं नाव नोंदलेलं, ते गाव सोडून दुसरीकडे बिऱ्हाड हलवणं महाकठीण. म्हणजे जो ज्या काठावर जन्मला, तो जन्मभर तिथलीच हवा घेणार. संशोधकांना असा आयता प्रयोग कुठं मिळतो? 2013 मध्ये त्यांनी हिशोब मांडला. उत्तरेच्या हवेत धूलिकण सुमारे 55 टक्के जास्त, आणि आयुर्मान सुमारे 5.5 वर्षांनी कमी. पुन्हा सांगतो, नदी एक, काठ दोन, फरक साडेपाच वर्षांचा! 2017 मध्ये नव्या आकड्यांवर पुन्हा मोजलं, तेव्हा तो 3.1 वर्षं निघाला. आणि खरी मेख पुढंच आहे. जास्तीचे मृत्यू हृदयाच्या आणि फुप्फुसांच्या विकारांचे. बाकीच्या कारणांनी गेलेल्यांत दोन्ही काठांवर म्हणण्यासारखा फरकच नाही.

आता ही सरासरी आहे बरं का. प्रत्येकाची तीनच वर्षं जातात असं नाही. कुणी बारा वर्षं आधी जातो, कुणाला धक्काही लागत नाही. आणि हा धक्का न लागलेला माणूसच ‘आमचे आजोबा धुरातच नव्वद वर्षं जगले’ असं सगळ्यांना ऐकवत फिरतो.

कारण थोडक्यात. 2.5 मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या चारशेव्या भागाहून बारीक कण नाकातल्या केसांना दाद देत नाहीत. ते फुप्फुसांच्या तळाशी जातात, काही थेट रक्तात उतरतात. म्हणून नुसता दमा नाही, हृदयविकार आणि पक्षाघातही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये या कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला 10 वरून 5 मायक्रोग्रॅमवर आणली.

चीननं 2014 मध्ये प्रदूषणाविरुद्ध युद्धच पुकारलं. हवा बरीच निवळलीही. पण 2017 च्या हिवाळ्यात काही ठिकाणी कोळशाच्या भट्ट्या आधी काढल्या, आणि त्यांच्या जागी यायची ती नवी सोय आलीच नाही. हबेई प्रांतातल्या काही शाळांत वर्गात थंडीनं बसवेना. डिसेंबरात मुलं मैदानावर बाकं मांडून, उन्हाला बसून धडे वाचत होती.

नमस्कार.