मयताचा एक डॉलर

नमस्कार श्रोतेहो. घरात मयत झालं की कुणीतरी डोळे पुसत बाजूला जातो आणि खिशातले पैसे मोजतो. १८६८ साली अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात, मीडव्हिल गावी, जॉन जॉर्डन अपचर्च या रेल्वेच्या मेकॅनिकनं कामगारांचा एक बंधुसंघ काढला. त्यात लवकरच एक सोपी रीत पडली. सभासद गेला की बाकीच्यांनी एकेक डॉलर द्यायचा आणि त्याच्या घरच्यांना दोन हजार डॉलरपर्यंत रक्कम मिळायची. रीत इतकी पटली की असे संघ गावोगाव निघाले.

गोम कुठे होती? समजा, हजार सभासद आहेत, सगळे तिशीतले. वर्षात सात-आठ मयतं, म्हणजे सात-आठ डॉलर. वीस-पंचवीस वर्षांनी तेच लोक म्हातारे होतात, मयतं वाढतात, दर पंधरवड्याला डॉलर मागायला माणूस दारात. मग तरुण म्हणतो, पलीकडे नवा संघ निघालाय, तिथं स्वस्त पडतं. मागे उरतात पिकल्या केसांचे, आणि त्यांना आता दुसरीकडे कुणी घेत नाही! आपली भिशी निदान वर्षभरात फिटते. ही जन्माची होती.

विमा कंपन्यांना राज्यांचे कायदे होते, संघांना मात्र बरीच सूट. नफा नाही, पदाधिकारी निवडलेले, शिवाय शपथा नि विधी. यांना विमा कसा म्हणायचा? माझ्या मते भाबडेपणा होता तो. अखेर १९१० मध्ये अलाबामातल्या मोबील शहरी राज्यांचे विमा आयुक्त आणि संघांचे प्रतिनिधी यांनी मिळून कायद्याचा मसुदा ठरवला. देणं किती नि गंगाजळी किती, याचं मूल्यांकन करा; नव्या संघांनी वर्गणी मृत्युदराच्या तक्त्यावरून, म्हणजे कुठल्या वयात हजारी किती माणसं जातात त्या हिशेबावरून, ठरवावी. १९१२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. योगायोग असा, की त्याच साली आपल्याकडेही छोट्या विमा मंडळ्यांसाठी प्रॉव्हिडंट इन्शुरन्स सोसायटीज ॲक्ट झाला.

वर्गणी वाढली तेव्हा म्हातारे चिडले. आयुष्यभर भरलं, आता दुप्पट मागता? हिशेबात चूक नव्हती, पण त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं.

वुडमेन ऑफ द वर्ल्ड हा अमेरिकेतल्या ओमाहा शहराचा संघ तर सभासदाच्या कबरीवर दगडही बसवून देई: तोडलेल्या झाडाच्या बुंध्याचा, सालीसकट कोरलेला. पुढे तो खर्च झेपेना, दगड देणं बंद झालं. जुन्या कबरस्तानांत ते बुंधे अजून उभे आहेत.