वजनकाटा, ओळखपत्र आणि पावती

नमस्कार मंडळी.

परदेशातल्या आपल्या या मंडळाच्या कार्यकारिणीने मला विषय दिला तो 'प्रेरणा देणारी आपली माणसं'. या विषयावर बोलायला उभं केलं की पुणेकराची गाडी थेट १८४८ वर जाते. भिडे वाडा, जोतिराव, सावित्रीबाई. जायलाच हवी. पण एवढ्या मोठ्या माणसांपुढे आपण हात जोडतो आणि मोकळे होतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून आज कोथरूडला आमच्या सोसायटीत रोज सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या बायकांबद्दल बोलतो.

दोघीजणी ढकलगाडी घेऊन येतात. मजल्यामजल्यावरून बादल्या खाली आणतात, पार्किंगच्या कोपऱ्यात पोतं अंथरतात आणि निवडायला बसतात. पुठ्ठा एकीकडे, दुधाच्या पिशव्या एकीकडे, काच, पत्रा. पाण्याच्या बाटलीचं झाकण वेगळ्या प्लास्टिकचं, त्याचा भाव वेगळा, म्हणून ते पिळून काढायचं. आमच्या इमारतीत दोन केमिकल इंजिनिअर राहतात, पण प्लास्टिक नुसतं चुरगाळून आवाजावरून त्याची जात सांगणं या मावशींनाच जमतं.

आता थोडं मागे जाऊ. १९९०च्या आसपास या बायका कचराकुंड्यांत वाकून माल वेचायच्या. चोरीचा आळ ठरलेला. भंगारवाल्याने काटा मारला तरी बोलायची सोय नाही, कारण दुसरा कोण माल घेणार? एसएनडीटी विद्यापीठातल्या लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने त्यांच्यात शिक्षणाचं काम करत होत्या. १९९३ मध्ये त्यातून 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. पाठीशी बाबा आढाव होते. मार्केट यार्डातल्या हमालांची पंचायत बांधणारे, १९७४ मध्ये कष्टकऱ्यांना स्वस्तात जेवण देणारी 'कष्टाची भाकर' सुरू करणारे बाबा. कचरावेचकांच्या या संघटनेच्या सभासदांत बहुसंख्य बायका, त्यातही बहुतेक दलित समाजातल्या.

आणि या संघटनेने मागितलं काय? ओळखपत्र. महापालिकेची मान्यता असलेलं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पहाटे पोतं घेऊन निघालेल्या बाईला पोलिसाने हटकलं तर दाखवायला काहीतरी हातात असणं म्हणजे काय, हे तिलाच विचारा. पुढे स्वतःचं भंगाराचं दुकान आलं, जिथला काटा सरळ. मग पतसंस्था आली. महापालिकेपुढे त्यांनी गाऱ्हाणं घातलं नाही, हिशेब घातला: आम्ही जो माल उचलतो तो तुम्हाला वाहून न्यावा लागत नाही, तेवढा तुमचा खर्च वाचतो. मला यातलं सगळ्यात जास्त काही भावलं असेल तर ते हेच. दयेची भाषा कुठेच नाही.

२००८ मध्ये 'स्वच्छ' या त्यांच्या सहकारी संस्थेशी महापालिकेने करार केला. आज ३,०००हून अधिक कचरावेचक घरोघरी जातात आणि दर महिन्याचे पैसे थेट घरांकडून घेतात. निवडून काढलेला माल भंगारात, म्हणजे तेवढा कचरा डेपोवर जायचा वाचतो. हा डेपो ज्यांच्या उशाला, त्या फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या लोकांनी पुण्याच्या कचऱ्यापायी वर्षानुवर्षं काय सोसलं आणि त्यासाठी किती आंदोलनं केली, ते हडपसरकडचे इथे बसलेत त्यांना सांगायला नको.

सगळं गोड झालंय असं मुळीच नाही. कराराची मुदत संपत आली की टांगती तलवार असतेच. मोठ्या गाड्या घेऊन हे काम करायला ठेकेदार टपलेले असतात. आणि आपली सुशिक्षित मंडळी! सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे हात घालण्याआधी आम्हाला कळेल, एवढीच विनंती या बायकांनी केली. लाल पेन प्रत्येक घरात असतं. तरी पॅड येतं ते भाताच्या खरकट्यातच. फुटलेली काचही तशीच येते. बोटं कापतात.

परवा आपल्या समितीत कोणीतरी म्हणालं की अशा एखाद्या मावशीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू, इथूनच, ऑनलाइन. हेतू चांगला आहे, माझा विरोध नाही. पण त्यांची वेळ सकाळची, आपली रात्रीची. कामाचा खाडा करून तिने पडद्यासमोर बसावं असं आपण सुचवतोय. त्यापेक्षा सोपं काम आहे. आपल्यापैकी निम्म्यांचे आईवडील पुण्यात आहेत, काहींचे फ्लॅट भाड्याने दिलेत. रविवारी फोन लावाल तेव्हा विचारा: कचरा न्यायला कोण येतं, ओला-सुका वेगळा करता का, आणि तिचे पैसे महिन्याच्या महिन्याला तिच्या हातात पडतात का? 'वॉचमनला विचारायला हवं' असं उत्तर आलं, तर सोसायटीच्या सेक्रेटरींचा नंबर मागून घ्या. ते रात्री उशिरापर्यंत जागे असतात, व्हॉट्सॲपवर दिसतातच.