हजेरीपटावरून गळलेलं नाव

(दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल. झेरॉक्सचा गठ्ठा, भिंग, थंड झालेला चहा.)

आजीचा एक धाकटा भाऊ होता. शाळेत नेला, परत आला नाही. कॅनडातल्या कितीतरी मूलनिवासी घरांना आपल्या माणसाबद्दल एवढंच ठाऊक असतं.

निवासी शाळा म्हटल्यावर आपल्याकडची आश्रमशाळा डोळ्यांसमोर आणू नका. पैसा सरकारचा, कारभार बहुतेक ठिकाणी चर्चचा, आणि १९२० च्या कायद्यानंतर आईबापांना नाही म्हणायची सोय उरली नाही. सुमारे दीड लाख मुलं या शाळांतून गेली. शेवटची कुलपं लागली १९९० च्या दशकात.

शोध कसा घ्यायचा? घरातलं नाव घेऊन कागदांकडे गेलात तर हाती काही लागत नाही. क्री किंवा डेने अशा मूलनिवासी भाषेतलं नाव शाळेच्या दारातच सुटायचं. तिथे इंग्रजी नाहीतर फ्रेंच नाव मिळायचं, वर एक नंबर. आडनावाचं स्पेलिंग तर कारकुनागणिक वेगळं. म्हणून वडिलांचं नाव आणि वस्तीचं नाव धरून चला, जन्मसालाच्या मागची-पुढची दोन-तीन वर्षंही चाळा.

सगळ्यात बोलका कागद म्हणजे तिमाही हजेरीपट. अनुदान दरडोई मिळायचं, म्हणून मुख्याध्यापक तो ओटावाला पाठवायचे. पैशासाठी ठेवलेला हिशेब आज मुलं शोधायला उपयोगी पडतो! ज्या तिमाहीत नाव गळलं, ती लिहून घ्यायची. मग त्या सुमाराची चर्चची दफननोंद, प्रांताची मृत्युनोंद आणि क्षयरोग रुग्णालयाचे कागद पाहायचे. आजारी मुलं दूरच्या रुग्णालयात हलवली जात, आणि शव घरी पाठवायचा खर्च सरकारी खातं सहसा करत नसे. त्यामुळे कबर शाळेजवळ असेलच असं नाही.

पुष्कळदा माग इथेच तुटतो. १९३६ ते १९४४ या काळात मूलनिवासींचा कारभार पाहणाऱ्या सरकारी खात्याच्या सुमारे २ लाख फायली नष्ट केल्या गेल्या. या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाला सापडलेल्या मृत्यूंपैकी ३२ टक्क्यांत मुलाचं नावच नोंदलेलं नव्हतं.

(दृश्य: गवतावर ढकलगाडीसारखं यंत्र, आखलेल्या दोऱ्या.)

हे जमिनीखालचं टिपणारं रडार. २०२१ मध्ये कॅमलूप्सच्या जुन्या निवासी शाळेजवळ त्याने कबरींचा शोध घेतला, तेव्हा ते जगाला कळलं. त्याला हाडं दिसत नाहीत, कधीकाळी हललेली माती दिसते. झाडांची मुळं, जुने चर, दगड हेही तसेच भासतात. म्हणून आधी म्हाताऱ्यांच्या आठवणी आणि जुने नकाशे, मग यंत्र.

जे परत आले, त्यांचेही कागद आहेत. शाळेतल्या अत्याचारांच्या नुकसानभरपाईच्या सुनावणीत अनेकांनी पोटच्या मुलांनाही न सांगितलेलं सांगितलं. २०१७ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की हे कागद १५ वर्षं ठेवून नष्ट करायचे, मात्र दावेदाराला ते जपता येतील. मुदत १९ सप्टेंबर २०२७. त्याआधी स्वतःची प्रत मागवता येते, किंवा विनिपेगच्या राष्ट्रीय सत्य आणि सलोखा केंद्रात ठेवता येते. निर्णय दावेदाराचाच, नातवंडांनी गळ घालू नये. प्रत आलीच तर एकट्याने उघडू नये. समुपदेशक किंवा जाणता वडीलधारा बोलवावा. त्याची सोय सरकारी आरोग्य-आधार योजनेत आहे.

आणि प्रत मागायचा फॉर्म टेबलावर तसाच राहिला, तर कागद नष्ट होतात. कित्येकांना तेच हवं असतं.