वाफ जिरू दे

नमस्कार मंडळी, इंदूरच्या रामबागेतनं बोलतेय आणि आज एका सँडविचबद्दल बोलायचंय. पोहे-जलेबीच्या गावात सँडविचचं काय एवढं, असं कुणाला वाटेल, पण जरा ऐका, कारण गेल्या उन्हाळ्यात भाचीकडे पॅरिसला गेले होते आणि तिथे एका चिमुकल्या दुकानात उभ्या उभ्या जे खाल्लं ते अजून जिभेवरून जात नाहीये.

दुकान केवढं, तर आमच्या सराफ्यातल्या, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारातल्या, एखाद्या ओट्याएवढं. एक जाडजूड लोखंडी तवा, बटाटे तळायची कढई, पावांची उभी टोपली, भिंतीकडेला चार उंच स्टुलं, बस. फळ्यावर खडूनं दोनच ओळी, एक स्टेक सँडविच आणि दुसरं बदकाचं. स्टेक म्हणजे तिथे गाईबैलाचं मांस, ते आमच्याकडे चालत नाही, म्हणून मी म्हटलं मी आपले बटाटे खाते गं, तर भाची म्हणाली, मावशी, तू बदकाचं घे ना, तेही अगदी स्टेकसारखंच करतात. त्याला माग्रे म्हणतात, म्हणजे जाड चरबीवाल्या बदकाच्या छातीचा तुकडा. फ्रान्सच्या नैऋत्येला गास्कनी म्हणून भाग आहे, तिथे पूर्वी बदक त्याच्याच चरबीत मंद शिजवून वर्षभरासाठी बरणीत भरून ठेवायचे, आपण लोणचं घालतो तसं, आणि ओश नावाच्या गावातल्या आंद्रे दागँ या शेफनं १९५९ च्या सुमाराला तोच तुकडा स्टेकसारखा भाजून, आतनं गुलाबी ठेवून वाढायला सुरुवात केली आणि मग ते देशभर झालं.

आता दुकानातला तव्यापाशी उभा पोरगा करत काय होता ते सांगते, कारण मी अगदी काउंटरला चिकटूनच उभी होते. चरबीच्या बाजूला सुरीनं चौकड्या पाडल्या, शंकरपाळ्याला पाडतो तशा, मीठ चोळलं, आणि तो तुकडा थंड तव्यावर ठेवला. थंड! मग खालचा गॅस लावला. मला वाटलं चुकला, पण नाही, तवा हळूहळू तापला की चरबी सावकाश वितळत जाते, तेलाचा थेंब लागत नाही, आणि वरचं कातडं पापडासारखं होतं. एकदम तापलेल्या तव्यावर टाकलं तर बाहेरनं जळतं आणि चरबी आत तशीच राहते. मग उलटवला, दोन-तीन मिनिटं, आणि जो काही खमंग वास सुटला! तो वास म्हणजे आपण मटणाच्या वाटणाला कांदा-खोबरं भाजतो ना, त्याचाच भाऊ. लुई कामिल मायार नावाच्या फ्रेंच केमिस्टनंच १९१२ मध्ये त्यावर लिहिलं, प्रथिनांमधले घटक आणि साखर तापून एकत्र आले की तो तपकिरी रंग आणि तो वास तयार होतो.

आणि मग त्यानं ते मांस लाकडी पाटावर काढलं आणि हातच लावला नाही.

रांग दाराबाहेर गेलेली, दुपारची जेवायची वेळ, ऑफिसवाली माणसं, तरी कुणी घाई करेना. मी घड्याळ बघितलं, पाच मिनिटं. आणि मला एकदम आईचा हात आठवला. लहानपणी भात झाला की आम्ही झाकण उचलायला धावायचो आणि ती हातावर चापटी द्यायची, थांब, वाफ जिरू दे. तेच आहे हो हे. मांस गरम असताना त्याचे धागे आवळलेले असतात आणि आतला रस पातळ असतो, लगेच कापलं तर सगळा रस पाटावर वाहून जातो, जरा निवलं की धागे सैल होतात, रस दाट होतो आणि आतच राहतो. तो लाल रस रक्त नसतो हेही मला तिथेच कळलं, इतकी वर्षं वाटायचं की गोरे लोक रक्त कसं खातात, ते मायोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं, मांसाला लाल रंग देणारं. ज्यांनी केवळ त्या विचारानं तोंड वाकडं केलं असेल त्यांनी हे मनातनं काढून टाकावं असं मला मनापासून वाटतं.

पाव! पावाबद्दल बोलायलाच हवं. तिथला तो लांब पाव, त्याला 'बागेत' म्हणतात, म्हणजे नुसतं पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट, त्यात तूप नाही, दूध नाही, साखर नाही. १९९३ मध्ये तिथल्या सरकारनं नियमच काढला की 'पारंपरिक' म्हणून विकायचा पाव बाहेरची रसायनं न घालता आणि कणीक फ्रीझ न करता बनवायचा, आणि २०२२ मध्ये युनेस्कोनं तो पाव बनवण्याची कला वारसा म्हणून नोंदवली. वरनं कडक, मोडला की कर्रर्र वाजतो, आतनं जाळीदार, म्हणजे रस पिऊन घेतो पण चिखल होत नाही. स्निग्ध काही नसल्यानं तो संध्याकाळपर्यंत लाकूड होतो, म्हणून लोक रोज ताजा आणतात.

एका बाजूला लोणी, दुसऱ्या बाजूला दिजाँ या फ्रेंच शहराच्या नावाची वाटलेली मोहरी. ती तोंडात गेली आणि नाकातनं झिणझिण्या थेट डोक्यात, अरे ही तर आपली फेसलेली मोहरी! फक्त आपण लिंबू पिळतो, ते व्हिनेगर किंवा कच्च्या द्राक्षांचा आंबट रस घालतात. मोहरी पाण्यात वाटली की तो झणका तयार होतो आणि शिजवली की उडून जातो, म्हणून ती कच्चीच लावायची. मोहरीचे दाणे मात्र बरेचसे कॅनडातनं येतात, २०२१ ला तिकडे दुष्काळ पडला तर पुढच्या वर्षी फ्रान्सच्या दुकानांत मोहरीचे कप्पे रिकामे होते म्हणे, भाचीनं स्वतः बघितलं.

बटाटे दोनदा तळतात, आधी मंद तेलात शिजवून काढायचे, मग कडकडीत तेलात. आपला गराडू, म्हणजे सुरणासारखा कंद, आठवा, थंडीत सराफ्यात आधी तळून ठेवलेले तुकडे गिऱ्हाईक आलं की पुन्हा कढईत जातात आणि वर जीरावन मसाला, तेच तंत्र.

मग त्यानं मांस धाग्यांच्या आडवं कापलं, पातळ पातळ, म्हणजे दाताला ओढावं लागत नाही. मी एक घास घेतला आणि दोन मिनिटं कुणाशी बोललेच नाही. कातडं कुरकुरीत, मांस मऊ, मोहरीचा झणका, लोण्याचा गारवा, आणि पाव सगळं धरून बसलेला.

इथे आल्यावर करून बघितलंच. बदक कुठलं मिळायला, कोंबडीची मांडी आणली, दुकानदाराला म्हटलं भिया, चामडी काढू नको. कोंबडी गुलाबी ठेवायची नाही हां, पूर्ण शिजवायची, पण तवा थंड, चामडी खाली, बाकी सगळं तसंच. लांब पाव मिळाला तो मऊ आणि किंचित गोड होता, मग इथल्या ५६ दुकान या खाऊगल्लीत बेंजोचा, म्हणजे आमच्या ऑम्लेटवाल्या बर्गरचा, पाव शेकतात तसा लोण्यावर कडक शेकून घेतला, आणि मोहरी घरीच फेसली. मांस पाटावर काढलं आणि मुलगा सुरी घेऊन हजर. मी काही बोलायच्या आतच आतल्या खोलीतनं आईचा आवाज, अरे थांब, जिरू दे.

पाच मिनिटांनी कापलं तर पाट जवळजवळ कोरडा. आईनं अर्धं सँडविच संपवलं, पावाच्या कडेनं ताटलीतला रस पुसून घेतला आणि म्हणाली, पुढच्या रविवारी मोहरी जरा जास्त फेस.